उजागरे सरांच्या दोन वह्या

आमच्या आळीत उजागरे सरांना "काय सर, बरं आहे ना?" असं कुणी विचारत नाही. विचारलं तर सर उत्तर देतात आणि त्याला वेळ लागतो. मागं एकदा नव्या गवळ्यानं दूध घालता घालता सहज विचारलं. सर क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या शरीराच्या खालच्या बाजूला दोन जागा आहेत. मी हललो की तिथं वाईट होतं. आधी असं नव्हतं."

गवळी किटली तिथंच ठेवून माझ्या दारात आला. "भाऊसाहेब, मास्तरांना कायतरी अवघड जागेचं दुखणं झालंय. दवाखान्यात न्या."

मी पळत गेलो. सरांचे गुडघे दुखत होते.

"मग गुडघे म्हणायचं की, सर."

"गुडघा पासष्टात नाही, भाऊसाहेब," सर म्हणाले.

हे पासष्ट काय आहे ते सांगतो. याकोब उजागरे सर म्हणजे माझे शेजारी. आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. सरांनी प्राथमिक शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, निवृत्त झाले, बायको वारली, मूलबाळ नाही. पुतण्यानं जुना मोबाईल दिला, त्यावर वाचता वाचता सरांना दोन गोष्टी सापडल्या. एक अशी, की काही विद्वानांनी जगभरच्या भाषा धुंडाळून ठरवलंय, पासष्टएक अर्थ असे आहेत की ते प्रत्येक भाषेत सापडतातच. मी, तू, कुणी, काही, चांगलं, वाईट, बघणं, ऐकणं, वर, खाली, आत, जवळ, जगणं, मरणं, असे. हे अर्थ आणखी मोडत नाहीत, बाकी सगळे शब्द मोडून यांच्यात आणता येतात. दुसरी गोष्ट अशी, की कुणीतरी मुद्दाम बसून एक भाषाच बनवली आहे, तिच्यात शब्द फक्त सव्वाशेच्या आसपास, आणि जगात काही माणसं हौसेनं ती बोलतातही.

सरांनी दोन वह्या केल्या, एक पासष्टाची आणि एक सव्वाशाची. दुसरी माणसं निवृत्तीनंतर बांधाच्या भांडणात जो वेळ घालवतात, तो सर या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून तपासण्यात घालवू लागले.

त्यातून त्यांना एक सवय लागली. कुणीही जरा जड शब्द वापरला की सर म्हणायचे, "मोडून सांगा." ग्रामसभेत सरपंच बोलायला उभे राहिले, "गावाचा सर्वांगीण विकास" एवढं म्हणाले, आणि मागच्या रांगेतून शांत आवाज आला, "मोडून सांगा." सरपंच थांबले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "रस्ता करू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सभेचा निरोप सरांच्या घरी पोचत नाही.

आमच्या घरी सरांचा संध्याकाळचा चहा असायचा. एकदा त्यांनी माझ्या बायकोला, मंदाला, सव्वाशाची भाषा समजावून सांगितली. "या भाषेत पाण्याला तेलो म्हणतात."

"आन तेलाला वो?"

"त्यालाही तेलोच. पातळ असतं ते सगळं तेलो."

"मग फोडनी कशात घालायची?"

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "आई आणि बाप, दोघांना मिळून एकच शब्द आहे. मामा."

"आन मामाला काय म्हनायचं?"

हेही लिहून घेतलं. शेवटी सरांनी सांगितलं की नकार द्यायचा असेल तर त्या भाषेत 'आला' म्हणतात. मंदा हसायला लागली. "म्हंजी बिबट्या आला म्हनलं की बिबट्या न्हाई, असं समजायचं का?"

सर हसले नाहीत. मंदाचंही हसू लवकर थांबलं. आमच्याकडं उसाच्या दिवसांत ते नाव कुणी मोठ्यानं घेत नाही.

विषय बदलायला तिनं विचारलं, "बरं, त्या पासष्टात पानी हाय का?"

"नाही. पाणी मोडता येतं."

"आई?"

"तीही नाही."

"मग असली यादी चुलीत घाला, सर."

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आईसुद्धा मोडता येते. कुणी एक. आधी मी तिच्या शरीराच्या आत होतो. त्यामुळं मी जगतो."

त्या दिवशी सरांना दुसरा कप मिळाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सर फार भित्रे. कुत्र्याला भितात, गॅसच्या टाकीला भितात, वीज कडाडली की मोबाईल बंद करून धान्याच्या कोठीत ठेवतात. माझ्या मोटरसायकलवर मागं बसले की दोन्ही मुठींत माझा शर्ट घट्ट धरतात. पण "मला भीती वाटते" असं सर कधी म्हणत नाहीत, कारण भीती दोन्ही वह्यांत नाही. सव्वाशाच्या भाषेत नुसतं 'वाईट वाटणं' आहे. राग आला तरी तेच, माणूस गेलं तरी तेच, साप दिसला तरी तेच. सरांना ते पटायचं नाही. पासष्टात भीती मोडून सांगता येते, आणि माझ्या कानामागं ती मी शंभर वेळा ऐकली आहे: "काहीतरी वाईट होईल असं मला वाटतंय. ते मला नको आहे. मी काय करू शकतो ते मला माहीत नाही. भाऊसाहेब, गाडी हळू घ्या."

तर असा हा माणूस एक दिवस मला म्हणाला, "मला तुमच्याबरोबर तोडणीवाल्यांकडं न्या."

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. हंगामात रोज फडावर जायचं, तोडणी कुठवर आली ते बघायचं, हे माझं काम. सरांचं म्हणणं असं, की पासष्ट अर्थ सगळ्या भाषांत आहेत हे विद्वान सांगतात, पण आपण तपासून बघितलं पाहिजे. त्या वर्षी सातपुड्याकडची एक भिल्लांची टोळी आली होती, त्यांची बोली वेगळी. गड्यांना मराठी यायचं, पण रुमली नावाची एक बाई होती, तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सरांना तीच हवी होती. तिचा नवरा हसून म्हणाला, "विचारा की, मास्तर. तिचाबी येळ जाईल."

रुमलीच्या पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीसमोर, सर वही घेऊन बसायचे. बोट आभाळाकडं करायचे, रुमली शब्द सांगायची, सर 'वर' पुढं लिहायचे. गाडग्यात हात घालून 'आत' विचारला. 'मरणं' विचारायला सर जमिनीवर आडवे झाले आणि डोळे मिटून पडले. टोळीतलं कुत्रं येऊन तोंड हुंगायला लागलं, तेव्हा ते असे काही उठले की बायका पोट धरून हसल्या. रुमलीची चार वर्षांची पोरगी सुनकी सरांच्या मांडीला टेकून बसायची आणि पेनचं टोपण काढायची, घालायची. महिन्याभरात पन्नासच्या वर अर्थ जमले. सर खुशीत होते.

जानेवारीत टोळी रंगनाथअण्णांच्या फडात गेली. तिथं जायच्या तीन दिवस आधी शेजारच्या फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. वनखात्यानं पिंजरा लावला, पिल्लं तिथंच ठेवली, मादी येऊन एक घेऊन गेली आणि दुसरं घ्यायला परत आली नाही. म्हणजे ती जवळपास कुठंतरी होती. माणसं पाचच्या आत घरी जायला लागली. पोरांना शाळेत पोचवायला दोघं दोघं जायचे. दिवसासुद्धा ऊस वाऱ्यानं सळसळला की बोलणं थांबायचं.

त्या दिवशी साडेचारच्या सुमाराला मी आणि सर फडावर पोचलो. ऊस जवळजवळ संपला होता, मधोमध दहा-बारा सऱ्यांचा पट्टा तेवढा उभा होता. ऊस तुटत गेला की आतलं जनावर अशाच शेवटच्या पट्ट्यात मागं मागं सरकत जातं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पट्ट्यासमोर गावची तीसचाळीस माणसं जमली होती. काठ्या होत्या, कोयते होते, कुणी डबा बडवत होतं. मधे रुमली होती, दोघींनी तिला अडवून धरलं होतं. ती उसाकडं हात करून तेच ते चार शब्द ओरडत होती, आवाज फुटून गेला होता. तिचा नवरा ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेलेला, आणि बाकीची टोळी पलीकडच्या रानात.

"काय झालं?" मी विचारलं.

"पोरगी न्हेली," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आत हाय ती. हितून पाचट पेटवतो. धूर झाला की जनावर पोरीला टाकून पळंल."

ट्रॅक्टरचं डिझेल आणलेलं होतं. एकजण पाचटाच्या ढिगावर ते ओतत होता.

सर माझ्या मागं होते. माझा शर्ट त्यांच्या मुठीत होता. ते हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, ती 'पाहिलं' म्हणत नाहीये."

"काय?"

"'ऐकलं' म्हणतेय. आणि 'खाली'. परत परत 'खाली' म्हणतेय. 'आत', 'खाली', 'ऐकलं', 'जगते'. जनावराचं नाव आपण घेतोय. ती नाही घेत."

माझा शर्ट सोडून सर पुढं गेले. रुमलीसमोर उभे राहिले, वही उघडली. तिच्या बोलीत दोन शब्द त्यांनी विचारले. रुमलीनं त्यांचा हात धरला आणि जमिनीकडं, मग उसाकडं, मग परत जमिनीकडं दाखवलं. डोकं जोरजोरानं हलवलं. सर वळून म्हणाले, "पोरगी जमिनीखाली आहे. हिनं तिचा आवाज ऐकलाय. पेटवू नका."

"सर, आता भाषेला टाइम न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी काडेपेटी काढली होती.

तेव्हा सर गेले आणि त्या ढिगावर बसले. डिझेलनं भिजलेल्या पाचटावर, पांढऱ्या धोतरानिशी. नुसते बसून राहिले. अण्णांचा हात खाली आला.

मग मला मोरी आठवली. अण्णांच्या रानाला कालव्याच्या चारीचं पाणी येतं ते बांधाखालच्या सिमेंटच्या नळीतून. चारीकडचं तोंड गाळानं कधीचं बुजलंय. दुसरं तोंड रानात, पट्टा बांधाला टेकतो तिथं, म्हणजे त्या उभ्या उसात. यंदा पाणी सुटलेलं नव्हतं, नळी कोरडी होती. एवढं पोरगं तिच्यात सहज शिरेल. आणि धूर गेला असता तर त्या नळीतच गेला असता.

आत कुणीतरी जायला हवं होतं. कुणी हललं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझेही पाय उचलत नव्हते. मी एकाच्या हातातला कोयता घेतला, इतक्यात सर माझ्या मागं येऊन उभे राहिले. "पोरीला तुमची भाषा कळणार नाही," ते म्हणाले.

उसात शिरलो आणि उजेड निम्मा झाला. पात्यांनी तोंड कापत होतं. दहा पावलांवर एक उग्र वास आला, मांजराच्या मुतासारखा, पण दाट. मागून सरांचं पुटपुटणं चालू होतं. "काहीतरी वाईट होईल असं मला वाटतंय. ते मला नको आहे. मी काय करू शकतो..." उजव्या हाताला काहीतरी सरकलं. वारा नव्हता. आम्ही थांबलो. सरांचं पुटपुटणंही थांबलं. किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. मग आवाज पुन्हा आला नाही, आणि पायाखालून, नळीतून, बारीक हुंदका आला.

मोरीचं तोंड समोरच होतं. सर पालथे झाले, डोकं नळीत घातलं आणि रुमलीच्या बोलीत एकेक शब्द बोलू लागले. मी त्यांची वही एवढ्यांदा पाहिली होती की मलाही कळत होतं. मी. इथं. तू. जवळ. चांगलं. हुंदका थांबला, पण पोरगी बाहेर येईना. सर पुन्हा बोलले. मग त्यांनी डोकं बाहेर काढलं. तोंडभर माती, आणि डोळ्यांत असं काहीतरी की मला बघवेना.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आईला काय म्हणतात ते मी विचारलंच नाही."

पाठीमागं पाचट मोडल्याचा आवाज झाला, मी कोयता उगारून वळलो, तर रुमली होती. हात सोडवून अनवाणी आमच्या मागं आली होती. सर बाजूला सरकले. ती नळीपाशी आडवी झाली आणि तिनं एकच हाक मारली. सुनकी कोपरांवर सरपटत बाहेर आली, कपाळ खरचटलेलं, मुठीत चिंचेचं बोटूक. ते टपकन हातातून नळीत गेलं म्हणून ती मागं शिरली होती, आणि मग बाहेर कुणीतरी डबा बडवायला लागलं म्हणून तिथंच बसली होती.

परतताना कुणी पळालं नाही. पळू नये असं कुठंतरी ऐकलेलं होतं. रुमली पुढं, मधे सर, मागं मी. पट्ट्याच्या बाहेर पाय पडला आणि माझ्या हातातला कोयता आपोआप खाली पडला.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला. मोरीच्या तोंडापासून पंधराएक पावलांवर ओल्या मातीत पंजे होते, ताजे. तिथं मादी बराच वेळ बसलेली होती, असं त्यानं बोट दाखवून सांगितलं. सरांना मी ते सांगितलं नाही. त्यांना आधीच ताप भरला होता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि सर म्हणाले, "कोपीवर जाऊ." गेलो. रुमलीनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवला. सरांनी पहिल्यांदा आईचा शब्द विचारला. तिनं सांगितला, तो वहीत नेमका कुठं लिहायचा ते त्यांचं बराच वेळ ठरेना, शेवटी पुठ्ठ्यावर लिहिला. नवरा बाजूला विडी ओढत होता. त्याला विचारून मराठीत करून घेता आलं असतं, पण रुमली सरांना कळतील असेच शब्द शोधून बोलत होती. ती म्हणाली, "तू. तिथं. कोण?"

तिला विचारायचं होतं, तुझ्या घरी कोण आहे.

सरांची बायको एलिझाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत सरांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं होतं, "बाई प्रभूमध्ये निजल्या." दफनाच्या दिवशी तेच, वर्षश्राद्धासारखी प्रार्थना झाली तेव्हा तेच, रेशनकार्डातलं नाव कमी करायला गेलो तेव्हा साहेबासमोरही तेच. साहेबानं विचारलं होतं, म्हणजे नक्की काय.

सरांनी भाकरी खाली ठेवली. रुमलीच्या बोलीत त्यांनी एकच शब्द सांगितला. मेली.

रुमलीनं मान हलवली. सुनकीला उचलून सरांच्या शेजारी बसवलं आणि भाकरी भाजायला वळली.

परत येताना निम्म्या वाटेत मागून सर बोलायला लागले. वारा होता, मला गाडी हळू करावी लागली.

"नगरला दवाखान्यात होती तेव्हा तिनं मला विचारलं होतं. 'अहो, मी मरणार का?' असंच, सरळ. डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला माहीत होतं."

मी गाडी आणखी हळू केली.

"मी म्हटलं, 'प्रकृतीत हळूहळू सुधारणा आहे.' अडतीस वर्षं मराठी शिकवलं, भाऊसाहेब. ती 'बरं' म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर चार दिवस होती ती. ते चार दिवस आम्ही दोघं सुधारणेबद्दल बोलत होतो. आज कालच्यापेक्षा बरं आहे. उद्या आणखी बरं वाटेल. तिला माहीत होतं. मला माहीत होतं हेही तिला माहीत होतं. मी घाबरलो होतो म्हणून तीसुद्धा काही बोलली नाही."

पुढचं त्यांनी वेशीजवळ आल्यावर विचारलं. "तिला काही सांगायचं असेल का हो?"

घर आलं. मी गाडी बंद केली, पण सर उतरले नाहीत. मीही पाय टेकून तसाच बसून राहिलो. मंदा दारात आली होती, चहासाठी हाक मारणार होती. तिनं आमच्याकडं पाहिलं, आणि हाक न मारता आत निघून गेली.